पाच लाखांचं कार्ड आणि एक इनहेलर

"डॉक्टर, पोराला ॲडमिट करायची चिठ्ठी द्या ना. कार्डावर होईल." भाट्याच्या दवाखान्यात हे मी हल्ली वारंवार ऐकतो. परवा सात वर्षांच्या एका दमेकरी मुलाची आजी म्हणाली. मुलाला ॲडमिट करायची गरजच नव्हती. गरज होती रोज घ्यायच्या इनहेलरची, आणि तो संपून तीन आठवडे झाले होते. वडील मिरकरवाड्याच्या बोटीवर खलाशी. जून-जुलैत मासेमारी बंद, म्हणजे कमाई बंद. आणि दमा उसळतो तो याच ओल्या दिवसांत.

आजीचं काही चुकलं नाही. तिने योजना अचूक ओळखली आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कवच दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा आणि ते राज्यातल्या सर्व कुटुंबांना देण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. हृदयात जन्मजात छिद्र असलेल्या बाळांना अशा योजनेने जीवदान मिळतं, हे मी नाकारत नाही. पण मुलांची बहुतेक आजारपणं शस्त्रक्रियेची नसतातच. रक्तक्षय, दमा, फिट्स, वारंवार फुटणारा कान. यांचा उपचार ओपीडीत होतो आणि नेमकी ओपीडीच योजनेबाहेर आहे (काही ठरावीक उपचारांनंतरचा पाठपुरावा सोडला तर). काही शे रुपयांच्या इनहेलरला पैसे नाहीत. तो न मिळाल्याने मूल ऑक्सिजनवर गेलं, की मात्र पॅकेजचा विचार सुरू होतो! मर्यादा पाचाची पन्नास लाख केली तरी या मुलाला त्याचा काय उपयोग?

सरकारी रुग्णालयात सगळं मोफत आहे, असं कुणी म्हणेल. आहे, १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत आणि मी रुग्णांना तिकडे पाठवतोही. पण औषध त्या दिवशी साठ्यात असेल तरच त्या 'मोफत'ला अर्थ.

अमेरिकेच्या विमापद्धतीचं कौतुक करावं असं फारसं काही नाही. तरी तिथल्या गरिबांसाठीच्या मेडिकेडमध्ये १९६७ पासून मुलांची नियमित तपासणी आणि तीत सापडलेल्या आजाराचा उपचार अंतर्भूत आहे. मूल पडल्यावर उचलण्याआधी, ते पडू नये याचा खर्च. आपण निदान अठरा वर्षांखालच्यांसाठी दमा, फिट्स आणि टाइप-१ मधुमेहाची रोजची औषधं तरी योजनेत आणावीत. कार्ड आहे, यंत्रणा आहे; औषधाच्या दुकानापर्यंत ती पोचवायची आहे.

त्या मुलाला मी कंपनीने दिलेल्या नमुन्यातला इनहेलर दिला. महिनाभर पुरेल. बोटी सुटायला ऑगस्ट उजाडेल.