खानदेशात पाहण्यासारखे काय आहे?

‘खानदेशात पाहण्यासारखे काय आहे?’ हा प्रश्न सहसा उत्तराच्या अपेक्षेने विचारला जात नाही. विचारणाराच्या स्वरातच त्याचे उत्तर असते, आणि ते ‘काही नाही’ असे असते. पुण्यामुंबईच्या सुशिक्षित मंडळींत हा प्रश्न मी गेली तीस वर्षे ऐकत आलो आहे. गेल्या नाताळच्या सुट्टीत तो खुद्द माझ्या घरात ऐकला. आमचा बेत मोटारीने अजिंठ्याला जाण्याचा होता. मी म्हटले, चार दिवस अधिक काढू आणि चाळीसगाव, धुळे, जळगाव असा वळसा घेऊ. आमचे जावई विनयशील गृहस्थ आहेत. त्यांनी मोबाइलवरचा नकाशा माझ्यापुढे धरला आणि ते म्हणाले, “नाना, मधल्या टापूत थांबण्यासारखे फारसे काही दिसत नाही.” नकाशाचा त्यात दोष नव्हता. पाहणारांनी जे कधी पाहिलेच नाही ते त्याने दाखवावे कोठून?

रागावण्याचा मला अधिकारही नव्हता. माझा जन्म एरंडोल तालुक्यातल्या एका खेड्यातला. सतराव्या वर्षी मी पुण्यास आलो, इंग्रजी घेऊन पदवीधर झालो, आणि पुढे तीस वर्षे उत्तर इंग्लंडातील सरोवरांची व तेथल्या पिवळ्या फुलांची रसभरित वर्णने मुलांना समजावून सांगितली. ती सरोवरे मी पाहिलेली नव्हती. आणि माझ्या गावापासून एका दिवसाच्या वाटेवर असलेले पाटणही मी पाहिले नव्हते. तेव्हा हा लेख जावयांच्या विरुद्ध नाही. तो एका अभिरुचीच्या विरुद्ध आहे, आणि त्या खटल्यात पहिला आरोपी मीच आहे.

ही अभिरुची आली कोठून? सर जॉन माल्कम यांनी १८२८च्या सुमारास महाबळेश्वरी आरोग्यस्थान वसविले. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांना माथेरानचा शोध लागला. उन्हाला भिऊन साहेब जेथे जेथे पळाला तेथे तेथे ‘प्रेक्षणीय स्थळ’ निर्माण झाले. त्याच्या मायदेशाची आठवण करून देणारे धुके, ओल आणि हिरवळ एवढाच निसर्ग, अशी व्याख्या त्याने केली. आणि तो निघून गेल्यावरही आम्ही ती इमानाने पाळीत आहो. साहेबाला उकडत होते म्हणून तो पळाला, हे समजण्यासारखे आहे. परंतु ज्यांच्या शेकडो पिढ्या या उन्हात वाढल्या त्यांनीही आपल्या भूमीला त्याच्याच थर्मामीटरने मोजावे, याला काय म्हणावे? खानदेशात पाऊस वर्षाकाठी सरासरीने २५ इंचांच्या आसपास. वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. हिरव्या मापाने मोजले तर हा प्रदेश नापास होणारच. पण माप चुकीचे असण्याचाही संभव असतो, ही गोष्ट परीक्षकाच्या ध्यानी येऊ नये हे आश्चर्य!

कन्नडहून औट्रम घाट उतरलो की सातमाळ्याच्या कुशीत, चाळीसगावच्या बाजूला पाटण लागते. सभोवार गौताळ्याचे रान, मध्ये चंडिकादेवीचे जुने दगडी मंदिर. पौषातली पिवळी पडलेली झाडी पाहून जावई गप्प होते. मी त्यांना येथल्या शिलालेखाची हकीकत सांगितली. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी होता. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी येथे एक मठ काढला. तेव्हाच्या निकुंभवंशीय अधिपतींनी त्याला देणगी दिली, आणि ही सारी नोंद शके ११२८च्या शिलालेखात आहे. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांपुढे आणला. त्याचा शेवटचा भाग मराठी आहे, आणि बाजारातल्या मालावरचे व तेलाच्या घाण्यांवरचे कोणते उत्पन्न मठाला द्यावयाचे ते त्यात सांगितले आहे. भास्कराचार्य मूळचे येथलेच की अन्य कोठले, हा वाद विद्वानांनी खुशाल लढवावा. घाण्यावरच्या तेलातून गणिताची शाळा चालावी, अशी व्यवस्था या डोंगराच्या पायथ्याशी आठशे वर्षांपूर्वी झाली होती, एवढे निर्विवाद आहे. जावई व्यवसायाने संगणकाचे अभियंते. त्यांनी तो सबंध परिसर पुन्हा एकदा, आणि या खेपेस पायी, पाहिला. रान तेच होते. पाहणारा बदलला होता.

पुढे धुळ्यावरून साक्रीच्या रोखाने निघालो. माळावर मैलोगणती गेलेल्या काळ्या दगडी भिंती पाहून माझ्या कन्येने विचारले, “नाना, हा तट कोणत्या राजाने बांधला?” तो कोणत्याच राजाने बांधलेला नव्हता. दख्खनचे पठार ज्या लाव्ह्याचे झाले, त्याच्या काळी, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, जमिनीला पडलेल्या भेगांत तो रस चढला आणि तेथेच गोठला. भोवतालचा मऊ खडक झिजून गेला आणि हे कठीण पाषाण भिंतींसारखे उभे राहिले. कोकणातल्या हिरवळीखाली पृथ्वीची हाडे झाकलेली असतात. येथे ती उघडी आहेत. ज्याला पृथ्वी वाचावयाची आहे त्याने उघडे पुस्तक सोडून बांधणीच्या रेशमी वस्त्राचे कौतुक करीत बसावे काय?

त्याच दिवशी पांझरेच्या काठी आम्ही फडाची शेती पाहिली. नदीवर एक बुटका बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या सर्व जमिनीचे मोठमोठे भाग, म्हणजे फड. एका फडात त्या वर्षी एकच पीक. कोणत्या फडात काय लावावयाचे ते सर्वांनी मिळून ठरवावयाचे. आणि प्रत्येक शेतकऱ्याच्या पट्ट्या निरनिराळ्या फडांत. त्यामुळे पाणी कमी पडले आणि एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तर तोटा एकट्यादुकट्याचा न होता सर्वांचा होतो. पाणी सोडावयाला पाटकरी, राखावयाला जागल्या. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर ही पद्धत तीनचारशे वर्षे चालत आली, असे म्हणतात. विहिरी वाढल्या, वर धरणे झाली, आणि कित्येक बंधारे आता मोडकळीस आले आहेत. पाटावर भेटलेल्या एका वृद्धाला मी विचारले, “दादा, पाण्यावरून भांडणे होत नाहीत का?” तो हसला. “व्हतंस ना! पन पानी एकलानं नही, गावनं शे.” समाजशास्त्रावरची पुष्कळ पुस्तके मी चाळली आहेत, इतके थोडक्यात सांगणारे पुस्तक मला आठवत नाही.

आता कोणी रसिक म्हणेल, “हे इतिहास झाले, भूगर्भशास्त्र झाले, शेती झाली; निसर्गसौंदर्य कोठे आहे?” या रसिकांना मला एकच विचारावयाचे आहे: मराठी मुलाला शाळेत ज्याचा श्रावण पाठ करावयास लावतात तो कवी कोठला? बालकवी ठोंबरे १८९० साली जन्मले ते धरणगावी, आणि १९१८ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, आगगाडीखाली सापडून वारले ते भादलीच्या स्टेशनाजवळ. दोन्ही स्थळे आजच्या जळगाव जिल्ह्यातली. त्याच भादलीच्या शेजारी असोदे हे बहिणाबाई चौधरींचे माहेर. या बाईला अक्षरओळख नव्हती. कापूस, निंब, मोट, सुगरणीचे घरटे एवढीच तिची सामग्री. १९५१ साली ती निवर्तली; दुसऱ्या वर्षी तिच्या कविता छापल्या गेल्या, आणि सारा महाराष्ट्र थक्क झाला. मराठी निसर्गकवितेचे दोन मोठे झरे ज्या टापूत फुटले, त्या टापूत निसर्गच नाही, असे कविता पाठ म्हणणाऱ्यांनीच म्हणावे! निरक्षर बाईला जे दिसले ते आम्हा पदवीधरांना दिसले नाही, याचे कारण भूमीत शोधावे की डोळ्यांत?

याहून कठोर साक्ष सातपुड्याने दिलेली आहे. रानपिंगळा नावाचे एक लहानसे घुबड आहे. १८७३ साली ह्यूमने त्याचे शास्त्रीय वर्णन केले. खानदेशात कलेक्टर असलेल्या डेव्हिडसनने १८८०च्या सुमारापासून शहाद्याच्या बाजूला त्याचे काही नमुने मिळविले. १८८४ नंतर मात्र त्याचा विश्वसनीय असा एकही पुरावा मिळेना, आणि तो नामशेष झाला असे पुष्कळांनी धरून चालविले. मध्ये एका बड्या इंग्रज पक्षितज्ज्ञाने हा पक्षी १९१४ साली गुजरातेत मिळविल्याचे लिहून ठेवले होते. ते खोटे निघाले. तेव्हा डेव्हिडसनच्या जुन्या, प्रामाणिक नोंदींवर विश्वास ठेवून तीन अमेरिकन अभ्यासक नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ आले (ते तेव्हा धुळे जिल्ह्यात होते), आणि सकाळच्या उजेडात, एका निष्पर्ण झाडावर, त्यांना रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी! हे घुबड रात्री लपून हिंडणारे नव्हे. ते दिवसा शिकार करते आणि उघड्या शेंड्यावर बसते. रानातल्या लोकांना ते नवे नसावे. पण त्यांना विचारावे असे आमच्या विद्वत्तेला वाटले नाही. यावलच्या अभयारण्यात आमच्याबरोबर आलेल्या पावरा तरुणाने त्याची बसण्याची झाडे दाखविली. दोन तास थांबूनही पक्षी दिसला नाही. तरीही त्या तासांत आमच्यापैकी कोणीही मोबाइल काढला नाही, हे मला विशेष वाटले.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो निव्वळ टाकाऊ नाही. माझे एक स्नेही म्हणतात, “अहो, न पाहिलेले तेच सुरक्षित. तुम्ही लेख लिहाल, मग मोटारी येतील, उपाहारगृहे येतील, आणि महाबळेश्वराचे झाले तेच पाटणाचे होईल.” भीती खरी आहे, पण ज्यावर ती उभी आहे ते गृहीतक खोटे आहे. अदृष्ट वस्तू सुरक्षित नसते. ती बेवारस असते. एरंडोलहून जळगावाकडे येताना मला त्याचा प्रत्यय आला. माझ्या लहानपणी त्या रस्त्याच्या दुतर्फा निंबाची मोठी झाडे होती. उन्हाळ्यात बैलगाड्या त्यांच्या सावलीत सुटत. रस्ता रुंद झाला आणि माझी झाडे गेली. रुंदीकरणाला माझा विरोध नाही. त्याच रस्त्याने आम्ही सुखाने गेलो. माझा प्रश्न निराळा आहे. महाबळेश्वरी दहा झाडांवर कुऱ्हाड पडली तर पुण्यात सभा भरते आणि वर्तमानपत्रांत पत्रे येतात. त्या पत्रांवर मीही सह्या केल्या आहेत. या निंबांसाठी मी एक पोस्टकार्ड लिहिले नाही. ती तोडली गेली हेच मला ठाऊक नव्हते, कारण त्या बाजूला पाहण्यासारखे काही नाही असे मीही मनात धरून बसलो होतो! ‘पाहण्यासारखे काही नाही’ हा निरुपद्रवी अभिप्राय नव्हे. तो कुऱ्हाडीला दिलेला परवाना आहे.

खानदेशी बांधवांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. जळगावकर मोठ्या अभिमानाने आपल्या शहराला ‘अजिंठ्याचे प्रवेशद्वार’ म्हणवितात. दारात कोणी मुक्काम करीत नसतो. दार ओलांडण्यासाठी असते. अजिंठा थोर आहे, यात वाद नाही. पण ती लेणी ज्या वाघुरेच्या वळणावर कोरली, ती वाघूर तेथून उतरून जळगावच्या मुलखातून वाहत तापीला मिळते. तिच्या पुढच्या वाटेवर कोणता प्रवासी थांबतो? पाहुणा आला की त्याला भरीत आणि कळण्याची भाकरी खिलवून अजिंठ्याच्या रस्त्याला लावून द्यावयाचे, हे आतिथ्य खरे. पण त्यात आपल्या भूमीविषयी एक लाजही लपलेली आहे. ती लाज खानदेशी माणसाने टाकल्याखेरीज पुण्याच्या माणसाचा अहंकार जाणार नाही.

शेवटच्या दिवशी आम्ही तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवला गेलो आणि परतताना हतनूरच्या जलाशयाशी थांबलो. पाण्यात नारिंगी रंगाच्या पक्ष्यांच्या जोड्या होत्या. कन्येने नाव विचारले. ते चक्रवाक होते. कॉलेजात संस्कृत काव्ये वाचताना या पक्ष्याच्या विरहावर मी पानेच्या पाने टिपणे काढली होती. हिमालयापलीकडून दर हिवाळ्यात तो माझ्या जिल्ह्यात उतरतो हे मला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी कळले. जावई म्हणाले, “नाना, अजिंठ्याला आता वेळ उरणार नाही.” मी म्हटले, “पुढल्या वर्षी.” अजिंठा दीड हजार वर्षे थांबलेला आहे, आणखी एक वर्ष तो थांबेल. पांझरेचे बंधारे, यावलचे रान आणि रस्त्याकाठी उरलेले निंब तितके थांबतील, अशी हमी कोणी देत असेल तरच वाचकांनी आपला क्रम पूर्वीचा ठेवावा.