पट कमी, म्हणून शाळा नको?

'कमी पटाची शाळा' हा शब्दप्रयोग शिक्षणखात्याच्या भाषेत आता इतका रुळला आहे की, तो उच्चारताच निदानही झाले आणि उपचारही ठरला, असा सर्वांचा समज होतो. उपचार एकच : शाळा बंद करावी आणि मुलांना शेजारच्या गावी धाडावे. २०१७ च्या अखेरीस महाराष्ट्र शासनाने दहापेक्षा कमी पट असलेल्या १,३१४ शाळांचे समायोजन करण्याचे ठरविले. २०२३ मध्ये 'समूह शाळा' ही कल्पना पुढे आली. पुणे जिल्ह्यातील पानशेत व नंदुरबारमधील तोरणमाळ यांचे दाखले देण्यात आले आणि वीसच्या आत पट असलेल्या राज्यातील सुमारे १५ हजार शाळांवर टांगती तलवार आली. 'रोग रेड्याला आणि औषध पखालीला' अशी आपल्याकडे म्हण आहे. खेड्यातील लहान शाळेच्या बाबतीत नेमके तेच चालले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कामठीच्या वाचकांना हा विषय दूरचा वाटू नये. कन्हान नदीकाठी १८२१ मध्ये इंग्रजांनी छावणी वसविली, तेव्हापासून आपले गाव सैनिकांचे, विणकरांचे, विडी कामगारांचे आणि व्यापाऱ्यांचे. छावणीपाठोपाठ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सहून मिशनरी आले आणि त्यांनी येथे मंदिराबरोबर शिक्षणाचीही पायाभरणी केली. याच गावात बाबू हरदास यांनी १९२० च्या दशकात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा चालविल्या. पुढे १९३७ मध्ये ते मध्य प्रांत व वऱ्हाडच्या कायदेमंडळावर निवडून गेले. दिवसभर राबलेल्या माणसाला कंदिलाच्या उजेडात अक्षरे शिकविताना त्यांनी आधी पट मोजला असता, तर ती शाळा एक रात्रही चालली नसती. असा वारसा असलेल्या गावाभोवती गुमथळा, वडोदा, बिडगाव अशी खेडी आहेत. शहरात आपल्या मुलांना शाळा निवडता येते. खेड्यातील शेतमजुराच्या मुलीपुढे निवड नसते. तिच्यापुढे असते ती जिल्हा परिषदेची शाळा, आणि ती नसेल तर काहीच नाही.

ही शाळा चालवितो कोण? पूर्वीच्या मध्य प्रांतात १९४८ पासून जनपद सभा होत्या आणि गावच्या शाळेची जबाबदारी साधारणपणे तहसिलीच्या पातळीवर असे. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला, १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. लोकांच्या शाळा लोकांनी निवडून दिलेल्या मंडळाने चालवाव्यात, असा त्यामागचा थोर हेतू. आता व्यवहार पाहा. नागपूर जिल्हा परिषदेची २०१२ नंतरची निवडणूक २०१७ मध्ये व्हावयास हवी होती. ती झाली जानेवारी २०२० मध्ये. त्या सभागृहाची मुदत जानेवारी २०२५ मध्ये संपली आणि कारभार पुन्हा प्रशासकाच्या हाती गेला. प्रशासक कितीही कार्यक्षम असो, तो मत मागावयास गावात येत नाही आणि म्हणून गावाला त्याच्याकडे जाब मागता येत नाही. जेथे शिक्षण समितीच्या खुर्च्याच रिकाम्या, तेथे गळक्या छपराचा प्रश्न मांडणार कोण आणि ऐकणार कोण?

शिक्षकांची कथाही याच माळेतली. २०१२ पासून राज्यातील शिक्षकभरती कित्येक वर्षे थांबली. ती 'पवित्र' प्रणालीतून पुन्हा मार्गी लागेपर्यंत २०१९ साल उजाडले. दरम्यान निवृत्त होणारे निवृत्त होत राहिले. राहिलेल्या गुरुजींच्या माथी पोषण आहाराचा हिशेब, संगणकावर भरावयाची माहिती, प्रशिक्षणे आणि दर आठवड्याचे तातडीचे टपाल. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकाला देता येतील असे बजावले आहे. पण दोन शिक्षकांच्या शाळेत एक जण माहिती भरावयास बसला की दुसऱ्यापुढे पहिली ते चौथी किंवा पाचवी अशी सारी शाळा एकत्र बसते. मग पालक म्हणतात, येथे शिकवीत नाहीत, ते मूल काढून बसने इंग्रजी शाळेत पाठवितात, पट उतरतो, आणि पट उतरला म्हणून शाळेवर शिक्का बसतो. आधी विहिरीत उतरण्याची पायरी काढून घ्यावयाची आणि नंतर म्हणावयाचे की, या विहिरीवर पाणी भरावयास कुणी येत नाही!

आता प्रतिपक्षाची बाजू प्रामाणिकपणे पाहू. ते म्हणतात, सात मुलांच्या शाळेत ना धड खेळ होतो, ना स्नेहसंमेलन. बरोबरीचा सोबती नाही, विषयाला स्वतंत्र शिक्षक नाही. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा, ग्रंथालय, संगणक सारे मिळेल. या म्हणण्यात तथ्य आहे आणि काही ठिकाणी गावानेच तसे ठरविले तर ते योग्यही ठरेल. परंतु 'गावाने ठरविले तर' हीच त्यातली कळीची अट आहे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलासाठी एक किलोमीटरच्या आत शाळा हवी. हे अंतर कायद्याने उगाच लिहिलेले नाही. सहा वर्षांच्या मुलीला आई शेतावर जाण्यापूर्वी किती दूर पोचवू शकते, याचा तो हिशेब आहे. वाहन देऊ असे सांगणे सोपे. ते वाहन पावसाळ्यात, पुढील वर्षी आणि कंत्राट संपल्यानंतरही येईल, याची हमी कोण देणार? वाहन न आल्यास घरी प्रथम कोण बसेल, हे सांगण्यास समाजशास्त्रज्ञ लागत नाही. मुलगी बसेल.

लहान शाळा म्हणजे निकृष्ट शाळा, हे समीकरणही टिकत नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी हे काही महानगर नव्हे. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेचा पट अगदी बोटांवर मोजण्याइतका उरला होता. गाव आणि शिक्षक एकत्र आले, पट शंभरावर गेला आणि २०२५ मध्ये लंडनस्थित संस्थेच्या जागतिक शाळा पुरस्कारांत लोकमताचा बहुमान तिने पटकाविला. पटसंख्येच्या निकषावर ती केव्हाच मोडीत निघाली असती. खरा प्रश्न मूल शिकते की नाही हा आहे. 'असर' अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत दुसरीचा उतारा वाचू शकणारी पाचवीतील मुले २०२२ मध्ये ३८.५ टक्के होती, २०२४ मध्ये ४४.८ टक्के झाली. सुधारणा आहे, पण निम्म्याहून अधिक मुले अजून मागेच आहेत. हा आकडा लहान-मोठ्या सर्व शाळांचा मिळून आहे. शाळा एकत्र केल्याने तो आपोआप वाढेल, असे मानण्यास आधार कोणता?

अमेरिकेचे उदाहरण आपले सुशिक्षित लोक वारंवार देतात, म्हणून तेथील गोष्ट सांगतो. त्या देशात १९४० च्या सुमारास सुमारे १ लाख १७ हजार शालेय जिल्हे होते. विलीनीकरण होता होता ते आता १३ हजारांच्या आसपास आले आहेत. म्हणजे शाळा एकत्र करण्याचा मोह त्यांनाही झाला. परंतु आजही बहुतेक ठिकाणी त्या लहानशा जिल्ह्याचे मंडळ तेथील लोक निवडतात, मालमत्ता कराचा विनियोग ते मंडळ खुल्या सभेत ठरविते, आणि अनेक राज्यांत विलीनीकरणापूर्वी लोकांचे मत घ्यावे लागते. आपण त्यांच्याकडून शाळा एकत्र करणे तेवढे उचलले, विचारणे मात्र तेथेच ठेवून आलो.

विचारण्याची सोय आपल्याकडे नाही असेही नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ ने विनाअनुदानित खासगी शाळा वगळता प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती दिली. तीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असे सांगितले. अनुदानाच्या खर्चावर देखरेख ठेवणे आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणे ही तिची कामे. कागदावर याहून लोकशाही व्यवस्था शोधून सापडणार नाही. पण सभा न घेताच वहीत सह्या गोळा होतात, अध्यक्ष कोण हे पालकांना ठाऊक नसते आणि आराखडा मुख्याध्यापक एकटेच लिहितात, तेव्हा समितीचे इतिवृत्त हे इतिवृत्त न राहता कादंबरी होते.

येथे आपल्या समाजाविषयी बोलणे प्राप्त आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या 'प्रमती' निकालाने अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू नाही असे ठरविले. घटनेच्या कलम ३० ने दिलेला हा अधिकार मोलाचा आहे आणि तो जपलाच पाहिजे. मात्र त्या कुंपणाआड आपली मुले सुरक्षित झाली म्हणजे कुंपणाबाहेरच्या शाळेशी आपला संबंध संपला, असे मानणे अधिकाराचा गैरअर्थ लावणे होय. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात, आपल्या शाळांत नसलेल्या मुलांचीही ख्रिस्तसभेने आस्था बाळगावी असे सांगितले आहे. आणि ११ व्या पायस यांनी १९३१ मध्ये मांडलेले तत्त्व सर्वश्रुत आहे : जे काम लहान समूह करू शकतो, ते वरच्या सत्तेने हिरावून घेऊ नये. गावाची शाळा हे त्याचे याहून चांगले उदाहरण कोणते?

मग करावयाचे काय? ज्यांची मुले जिल्हा परिषद शाळेत आहेत, त्या धर्मग्रामातील कुटुंबांनी व्यवस्थापन समितीची निवड उघड पालकसभेत व्हावी असा आग्रह धरावा, निवडणुकीस उभे राहावे आणि दरमहा जमाखर्चाचे वाचन मागावे. ज्यांची मुले तेथे नाहीत, त्यांनी ग्रामसभेत तरी बसावे. शाळा गावाची आहे, केवळ तेथील पालकांची नव्हे. आपल्यात निवृत्त शिक्षक-शिक्षिका पुष्कळ आहेत. आठवड्यातील दोन सायंकाळी धर्मग्रामाच्या सभागृहात कोणत्याही धर्माच्या मुलांसाठी, धर्मोपदेशाचा लवलेशही न ठेवता, केवळ वाचनाचा वर्ग चालविणे त्यांना अशक्य नाही. आणि कोणतीही शाळा बंद करण्यापूर्वी तिच्या व्यवस्थापन समितीचा व ग्रामसभेचा ठराव सक्तीचा असावा, रिकाम्या जागी शिक्षक दिल्यानंतर निदान दोन वर्षे तरी वाट पाहावी, ही मागणी पंचायत समितीपासून विधानसभेपर्यंत लेखी पोचली पाहिजे.

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे तक्रार केली होती ती हीच की, सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो. त्यानंतर सुमारे दीड शतक लोटले. वीस मुलांसाठी दोन शिक्षक परवडत नाहीत, असे ज्या राज्याला वाटते, त्याने तो हिशेब त्या वीस मुलांच्या आईबापांसमोर, त्यांच्याच गावात येऊन मांडावा. आणि तो मांडला जाईल त्या दिवशी आपणही त्या सभेत असावे.