फळीवरची मोजणी आणि हापिसातला शेरा

कामाची किंमत काम करणाऱ्याने ठरवायची नाही, हा या मुलखातला सगळ्यात जुना कायदा. मनूने तो लिहिला, मालगुजाराने राबवला, ठेकेदाराने त्यावर पैसा केला आणि आता सुटाबुटातले लोक त्यालाच 'गुणवत्ता' म्हणतात. चांदा-गडचिरोलीच्या जंगलात ही गुणवत्ता मे महिन्यात उघड्यावर मोजतात. ज्याला पाहायची असेल त्याने तेंदूच्या फळीवर जावं.

हिशेब वरवर सोपा. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. पहाटे बाई जंगलात शिरते. अस्वलाचं भय असतं तिथेच शिरते, कारण चांगलं पान तिथेच असतं. दुपारी घरादाराने बसून पुडे बांधायचे, संध्याकाळी डोक्यावर गाठोडं घेऊन फळी गाठायची. तिथे मोजणारा बसलेला. "पान बारीक हाये. छेद पडले हायेत. पुडा कमी भरते." त्याच्या तोंडून निघेल तो निकाल. पुडा बाद! शेकड्यावर दोन-चार पुडे फुकट काढून घ्यायची रीत तर बापजाद्यांनी सोसलेली. १९६९ साली महाराष्ट्राने कायदा करून तेंदूचा व्यापार सरकारच्या ताब्यात घेतला. फळीवरचा मोजणारा तेवढा ठेकेदाराचाच राहिला. सत्तर पानं मोजायला कोणती पदवी लागते? माडिया बाईला सत्तरपर्यंत मोजता येत नाही, हे मात्र न मोजताच ठरलेलं असतं.

आणि कार्ड कोणाच्या नावावर? पानं तोडली तिने, बोटं काळी झाली तिची, कार्डावर नाव घरधन्याचं. पैसा त्याच्या हातात, मग तो पैसा कुठल्या गुत्त्यावर पोचतो ते सगळ्या गावाला ठाऊक. २००६ च्या वनहक्क कायद्याने निदान पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने द्या असं लिहून ठेवलं. जमिनीच्या कागदावर बाई आली. पुड्याच्या कार्डावर किती आल्या ते ज्याने त्याने आपल्या गावात मोजावं.

पावसाळ्यात रोवणी. बाप्याला जास्त, बाईला कमी. काहून? तर बाप्याचं काम जड! नांगर जड, चिखलणी जड, आणि गुडघाभर चिखलात दिवसभर कंबर मोडून पऱ्हे लावणं हलकं. हे जड-हलकं ठरवणाऱ्याने एक बांधी रोवून दाखवावी, मग बोलू.

सरकारी काम तरी बरं, असं म्हणणारे भेटतात. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला. बाई आणि बाप्या, मजुरी एक. कागदावर शंभर टक्के समता. पण मजुरी हजेरीवर नसते, मोजमापावर असते. खड्डा किती खोदला, माती मऊ की मुरूम, ती किती लांब टाकली, किती उंच चढवली, या सगळ्यांचे दर वेगळे. मुरमाला मऊ माती लिहिलं की मजुरी घसरली. लांबी-उंचीला साहेब लोक लीड-लिफ्ट म्हणतात. बाप्या खोदतो, बाई टोपलं वाहते. म्हणजे लीडही तिच्या डोक्यावर, लिफ्टही तिच्या डोक्यावर. आणि खड्डा टेपने मोजता येतो. चाललेली वाट मोजायला मागे कोण फिरतो? ती अंदाजाने लिहिली जाते. मोजमाप पुस्तकात सगळ्यात आधी चोरी होते ती बाईच्या पायांची.

कायदा नाही असं नाही. १९७६ चा समान वेतन कायदा होता. सारख्या स्वरूपाच्या कामाला सारखा पैसा. २०१९ च्या वेतन संहितेत त्याला गुंडाळून घेतलं. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत बायका स्टेनोग्राफर पुरुषांपेक्षा कमी पगारावर होत्या. कंपनीने त्यांचा वर्ग वेगळा करून ठेवला होता, नावसुद्धा वेगळं: गोपनीय महिला लघुलेखक. ऑड्री डिकोस्टा लढल्या, १९८७ साली सुप्रीम कोर्टात जिंकल्या. कंपनीला परवडत नाही ही सबब कोर्टाने ऐकली नाही. त्यांच्याकडे नेमणुकीचा कागद होता, पगाराचा आकडा होता. आमच्या रोवणीवालीकडे कोणता कागद आहे, की ती कोर्टाला दाखवेल?

वेगळं नाव ठेवा, कमी पैसा द्या. ही युक्ती साऱ्या जगाची. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात ड्यूक कंपनीचं वीजकेंद्र होतं, आमच्या दुर्गापूरसारखंच कोळसा जाळणारं. काळ्या कामगारांना फक्त 'मजूर' विभागात ठेवत. त्या विभागातला सगळ्यात वरचा पगार बाकीच्या विभागांतल्या सगळ्यात खालच्या पगाराहून कमी! १९६५ च्या जुलैत वंशभेदाविरुद्धचा कायदा लागू झाला, आणि त्याच दिवशी कंपनीने बुद्धीच्या चाचण्या आणल्या. रंग विचारायचा नाही, परीक्षा घ्यायची. तेरा काळे कामगार भांडले. १९७१ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने विचारलं, या परीक्षेचा त्या कामाशी संबंध काय? कंपनीला दाखवता आला नाही. पुढच्याच वर्षी मुंबईत पँथर उभी राहिली. काळ्यांचं नाव आपण घेतलं ते उगाच नाही.

आपल्याकडे ती चाचणी गोपनीय अहवालात असते. आपला पोरगा शिकतो, राखीव जागेवर लागतो, टेबल मिळतं. मग दर मार्चअखेर साहेब एक कागद भरतो. अ, ब अधिक, ब. 'ब' म्हणजे वाईट नव्हे, चांगलाच. म्हणून अनेक वर्षं तो कर्मचाऱ्याला कळवतही नसत. वाईट शेरा असेल तरच कळवायचा. आणि बढतीची वेळ आली की 'अत्युत्तम' पाहिजे! जातीचं नाव घ्यावं लागत नाही, शिवी द्यावी लागत नाही, शाईचा एक टिपका पुरतो. देव दत्त नावाच्या केंद्र सरकारी अभियंत्याची बढती अशाच न कळवलेल्या 'चांगला' शेऱ्यावर अडली. २००८ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, प्रत्येक शेरा कळवा. साठ वर्षं स्वातंत्र्य भोगल्यावर एवढं कळलं. शेरा कळायला लागला, पण लिहिणारा हात तोच. आणि आपली पोरगी त्या टेबलावर असेल तर शेऱ्यात अजून एक माप येतं: 'सहकार्याची वृत्ती'. साहेबाच्या गाडीत बसायला नाही म्हटलं की ती वृत्ती कमी होते.

पदोन्नतीतलं आरक्षण देणारा २००४ चा शासन निर्णय मुंबई हायकोर्टाने २०१७ च्या ऑगस्टात रद्द केला. कार्यक्षमता, कार्यक्षमता म्हणून ओरडणाऱ्यांनी पेढे वाटले. २०१९ साली कर्नाटकाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्ट म्हणालं, परीक्षेतले गुण म्हणजेच गुणवत्ता नव्हे. त्याचे पेढे कोणी वाटल्याचं ऐकलं नाही.

खाणीचं पाहा. वर्धा खोऱ्यातला कोळसा आपल्या बायांनीही टोपल्यांनी वाहिला. १९४३ साली युद्धासाठी कोळसा कमी पडला म्हणून सरकारने बायांवरची भूमिगत कामाची बंदी उठवली. मजूरमंत्री बाबासाहेब होते. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती असेंब्लीत सरकारची बाजू त्यांना मांडावी लागली, हे लपवायचं कारण नाही. पण त्याच भाषणात त्यांनी सांगितलं की खाणीत उतरणाऱ्या बाईला बाप्याएवढीच मजुरी हे तत्त्व आपण पाळलं आहे. १९४६ मध्ये बंदी परत आली. २०१९ साली केंद्राने बायांसाठी भूमिगत खाण उघडली ती तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामापुरती. डिप्लोमावाली उतरू शकते. आणि ठीक आहे, उतरावी. टोपलेवालीचं काय झालं? कोल इंडियाने बायांसाठी खास स्वेच्छानिवृत्ती काढली: बाईने नोकरी सोडायची, ती पोराला लागायची. आईच्या घामाची किंमत मुलाच्या नावावर जमा.

आता घरातलं. मोर्चाला बाया हजाराने येतात, भाकरी त्यांच्या, घोषणा त्यांच्या, लाठीही त्यांना. स्टेजवर खुर्च्या मोजा. नागपूरला जुलै १९४२ मध्ये सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली होती, हे आपल्या किती पुढाऱ्यांना ठाऊक? बाईने भाषण केलं की "छान बोलली" आणि बाप्याने केलं की "मुद्दा मांडला". हा सुद्धा गोपनीय अहवालच.

मेंढा-लेखानंतर या जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा बांबू आणि तेंदू आता स्वतः विकतात. मग फळीवरचा मोजणारा जुन्या ठेकेदाराच्या ओळखीतला का? येत्या हंगामापासून फळीवर दोन माणसं बसवा, त्यातली एक गावातली तोडणारी बाई. बाद केलेला पुडा सगळ्यांसमोर सोडायचा, पानं मोजायची, बाद का ते वहीत लिहायचं. कार्ड तोडणारीच्या नावावर, पैसा तिच्याच खात्यात. रोजगार हमीच्या कामावर मोजमाप पुस्तक दर शनिवारी मोठ्याने वाचायचं, मातीची जात आणि वाहतुकीचं अंतर सकट. हापिसातल्या पोरांनी मागच्या पाच वर्षांच्या शेऱ्यांच्या नकला मागून घ्याव्यात आणि शेजारच्या टेबलावरच्या मित्राच्या नकलांशेजारी ठेवाव्यात. आडनावं झाकून.