बँकेचा पत्ता बदलला. पण तो सांगतो कोण?

देशातील सर्व बँकांनी आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या नव्या नामविभागात हलवावीत, असा आदेश रिझर्व्ह बँकेने दिला होता. गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी ७ फेब्रुवारी २०२५ च्या पतधोरणात ही घोषणा केली आणि २२ एप्रिलला त्याचे परिपत्रक निघाले. राष्ट्रीयीकृत बँकांसाठी हे काम तसे किरकोळ. पुण्यासारख्या शहरात मात्र त्याला वेगळे वजन आहे. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या कॉसमॉस बँकेपासून पेठांमध्ये मोजक्या शाखा असलेल्या नागरी बँकांपर्यंत सहकारी बँकिंगचा मोठा पसारा या शहरात आहे, आणि त्यांच्या ठेवीदारांत निवृत्तांची संख्या लक्षणीय आहे. 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी ज्या शहराने प्रसिद्ध केली, त्या शहराला नावाची नक्कल म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही.

आदेशामागचे कारण उघड आहे. 'डॉट कॉम'मध्ये कोणतेही नाव कोणालाही थोड्या पैशांत घेता येते. बँकेच्या नावात एखादे अक्षर इकडेतिकडे केले, की हुबेहूब बनावट संकेतस्थळ उभे राहते. 'डॉट बँक डॉट इन'मध्ये नाव फक्त बँकेलाच मिळते, आणि ते देण्याचा अधिकार हैदराबादच्या बँकिंग तंत्रज्ञान विकास व संशोधन संस्थेकडेच आहे. दारावरची पाटी आता कोणालाही रंगवता येणार नाही. निर्णय योग्यच आहे. परंतु त्याने प्रश्नाचा अर्धाच भाग सुटतो. पाटी खरी असली, तरी तिथपर्यंतची वाट दाखवणारा कोण, हा दुसरा अर्धा भाग ग्राहकाच्या घरात आणि बँकेच्या शाखेत, संगणकाच्या एका ओळीच्या मांडणीत दडलेला आहे.

महाजालावर संगणक एकमेकांना नावाने नव्हे, आकड्यांनी ओळखतात. नाव दिल्यावर आकडा सांगणारी व्यवस्था म्हणजे 'डोमेन नेम सिस्टीम', अर्थात डीएनएस. पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये तिचा आराखडा मांडला. त्याआधी जगातील सर्व संगणकांची नावे एकाच फाइलमध्ये लिहून तिच्या प्रती वाटल्या जात असत. आज ग्राहकाने बँकेचे नाव टंकले, की त्याचा संगणक एका ठरलेल्या डीएनएस सर्व्हरला विचारतो. तो सर्व्हर मूळ सर्व्हरपासून 'इन'च्या नोंदीपर्यंत आणि तेथून बँकेने नेमलेल्या सर्व्हरपर्यंत चौकशी करून उत्तर आणतो, काही काळ स्वतःजवळ जपून ठेवतो आणि पुढच्या विचारणाऱ्याला तेच देतो. ग्राहकाचा संबंध येतो तो फक्त या पहिल्या सर्व्हरशी. त्याने चुकीचा आकडा सांगितला, तर नाव कितीही शुद्ध टंकले तरी पाऊल दुसऱ्याच दारात पडते.

हा पहिला सर्व्हर निवडला कोणी? बहुतेक घरांत कोणीच नाही. ब्रॉडबँडची जोडणी देणारा तंत्रज्ञ राउटर लावून जातो, राउटर सेवा कंपनीचा सर्व्हर आपोआप स्वीकारतो आणि घरातील सर्व संगणक व मोबाइल राउटरचे ऐकतात. राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड वर्षानुवर्षे तसाच राहतो. ज्याच्या हाती तो पासवर्ड, त्याच्या हाती त्या घरातील प्रत्येक नावाचे उत्तर.

ही भीती काल्पनिक नाही. 'डीएनएसचेंजर' नावाच्या घातक प्रोग्रॅमने नेमकी हीच एक ओळ बदलून जगभरातील सुमारे ४० लाख संगणक आपल्या सर्व्हरकडे वळवले होते. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने हे प्रकरण उघड केले, तेव्हा विचित्र पेच उभा राहिला. चोरांचे सर्व्हर एकदम बंद केले, तर लाखो लोकांचे इंटरनेटच बंद पडले असते. म्हणून न्यायालयाच्या परवानगीने त्यांच्या जागी तात्पुरते स्वच्छ सर्व्हर चालवावे लागले आणि ते ९ जुलै २०१२ रोजी बंद झाले. तोवर आपण कोणाला पत्ता विचारत होतो, याचा बहुतेकांना पत्ताच नव्हता.

घोटाळा दुसऱ्या टोकालाही होऊ शकतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये ब्राझीलमधील एका मोठ्या बँकेची सर्वच्या सर्व ३६ नावे हल्लेखोरांनी ताब्यात घेतली. त्यांनी बँकेच्या संगणकांत शिरण्याऐवजी नावनोंदणीचे खाते मिळवले आणि त्यातील आकडे बदलले. पाच-सहा तास बँकेच्या खऱ्या पत्त्यावर येणारे ग्राहक खोट्या संकेतस्थळावर जात होते. तेथे सुरक्षिततेची खूण म्हणून दाखवले जाणारे कुलूपही दिसत होते, कारण नावावर ताबा असल्याने हल्लेखोरांना प्रमाणपत्रही रीतसर मिळाले होते. बँकेची ई-मेलही त्याच नावांवर चालत असल्याने ग्राहकांना सावध करण्याची सोय उरली नव्हती. एरवी हे प्रमाणपत्र मोठा आधार असते: आकडा खोटा असेल, तर ब्राउझर धोक्याची सूचना देतो. मात्र ती सूचना न वाचता 'पुढे चला' दाबण्याची सवयही तितकीच सार्वत्रिक आहे.

पुणेकरांना यातला धडा ऑगस्ट २०१८ मध्ये वेगळ्या रूपात मिळाला आहे. कॉसमॉस बँकेवरील सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डांनी २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले. तो हल्ला डीएनएसवरचा नव्हता, हे स्पष्ट केले पाहिजे. पण त्याची रीत पाहण्यासारखी आहे. पैसे द्यावेत का, हा प्रश्न बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचलाच नाही. मध्येच उभ्या केलेल्या बनावट 'स्विच'ने परस्पर होकार दिला. प्रश्न खरा होता, विचारणारे यंत्र खरे होते, फक्त उत्तर देणारा खोटा होता. डीएनएसमधील धोक्याचे स्वरूप नेमके असेच आहे.

आपला संगणक कोणाला विचारतो, हे पाहण्याचा सर्वांत सरळ मार्ग अजूनही काळ्या खिडकीतील आज्ञा हाच आहे. विंडोजमध्ये 'कमांड प्रॉम्प्ट' उघडून 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा 'ऑल' या जोडासह दिली, की 'डीएनएस सर्व्हर्स' ही ओळ दिसते. तेथे बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा असतो. तो घरच्याच राउटरचा. म्हणजे खरे उत्तर राउटरच्या आत आहे आणि तेथे जाऊन पाहावे लागते. लिनक्सच्या अनेक आवृत्त्यांत १२७.०.०.५३ असा आकडा दिसतो, तो तर खुद्द त्या संगणकाचाच. पुढचा सर्व्हर 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' ही आज्ञा सांगते. बदल करायचा झाल्यास विंडोजमध्ये 'नेटश' ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने द्यावी लागते आणि मग 'आयपीकॉन्फिग'ला 'फ्लशडीएनएस' जोडून जुनी साठवलेली उत्तरे पुसावी लागतात. लिनक्सवर 'रिझॉल्व्ह.कॉन्फ' ही फाइल हाताने बदलणारे अनेकदा फसतात. जोडणी पुन्हा सुरू झाली, की जाळे सांभाळणारा प्रोग्रॅम ती फाइल नव्याने लिहितो आणि केलेला बदल निमूटपणे नाहीसा होतो. काल केलेली मांडणी आज आहे का, हे पुन्हा पाहिल्याशिवाय कळत नाही.

'एनएसलुकअप' या आज्ञेने एकच नाव दोन वेगळ्या सर्व्हरना विचारता येते. उत्तरे वेगळी आली म्हणून लगेच फसवणूक समजू नये. मोठी संकेतस्थळे जवळच्या केंद्राचा आकडा देतात, त्यामुळे फरक पडतो. शिवाय ही आज्ञा संगणकातील 'होस्ट्स' फाइल विचारात घेत नाही, आणि काही ब्राउझर हल्ली संगणकाची मांडणी बाजूला ठेवून स्वतःच्या सर्व्हरला कूटबद्ध मार्गाने विचारतात. आज्ञेचे उत्तर एक आणि ब्राउझरचे दुसरे, असे होऊ शकते. अधिक खात्रीचा पुरावा 'डिग' ही आज्ञा देते. उत्तरावर डिजिटल स्वाक्षरी असेल आणि सर्व्हरने ती तपासली असेल, तर उत्तराच्या माथ्यावर 'एडी' ही दोन अक्षरे येतात. या स्वाक्षरीच्या व्यवस्थेला 'डीएनएससेक' म्हणतात. डॅन कामिन्स्की यांनी २००८ मध्ये खोटी उत्तरे सर्व्हरच्या साठ्यात घुसवता येतात हे दाखवल्यावर तिला गती आली आणि २०१० मध्ये मूळ नोंदीवरही स्वाक्षरी झाली. 'इन' विभागही स्वाक्षरीत आहे. मात्र शेवटची कडी, म्हणजे स्वतःच्या नावावरची स्वाक्षरी, ज्याची त्याने करायची असते. आपल्या बँकेने ती केली आहे का, हे कोणत्याही खातेदाराला एका ओळीत पाहता येते. वार्षिक सर्वसाधारण सभेत लाभांशाबरोबर हा प्रश्न विचारला गेला, तर ते अनाठायी ठरणार नाही.

मग सर्व्हर निवडावा कोणता? गुगलने डिसेंबर २००९ मध्ये ८.८.८.८ हा खुला सर्व्हर सुरू केला, क्लाउडफ्लेअरने एप्रिल २०१८ मध्ये १.१.१.१. वेगासाठी किंवा अडवलेली संकेतस्थळे पाहण्यासाठी वसतिगृहांतील विद्यार्थी हे आकडे सर्रास वापरतात. केंद्राच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने जून २०२२ मधील मार्गदर्शक सूचनांत सरकारी कर्मचाऱ्यांना आपला १.१०.१०.१० हा सर्व्हर बसवण्यास सांगितले. सरकारी कार्यालयापुरते ते समजण्यासारखे आहे. नागरिकाने मात्र लक्षात घ्यावे, की सर्व्हर कोणाचाही असो, आपण कोणकोणती नावे विचारतो हे त्याला दिसते. सेवा कंपनी, परदेशी महाकंपनी आणि सरकार या तिघांपैकी कोणाला ते दिसू द्यायचे, एवढीच निवड हाती उरते. ती डोळे उघडे ठेवून करावी, हे बरे.

शाखांची गोष्ट निराळी आहे. तेथे ही मांडणी एकेका टेबलावर नव्हे, तर आज्ञांची यादी करून सर्व संगणकांवर एकदम लागू केली पाहिजे. यादीत एक आकडा चुकला, तर सगळ्याच शाखा एका दमात ठप्प होतात; म्हणून ती आधी एका शाखेत तपासणे हे खबरदारीचे किमान पाऊल. लहान बँकांना त्यासाठी स्वतंत्र माणूस परवडत नाही आणि काम बाहेरच्या कंत्राटदाराकडे जाते. त्या कंत्राटदाराच्या हाती नावनोंदणीचे खातेही असते. ब्राझीलच्या प्रकरणात फुटले ते असेच खाते होते.

याहून तातडीचा प्रश्न जुन्या नावांचा आहे. नव्या पत्त्यावर गेलेल्या बँकेने खर्च वाचवण्यासाठी जुन्या 'डॉट कॉम' नावाचे नूतनीकरण थांबवले, तर ते नाव बाजारात मोकळे होते आणि कोणीही ते घेऊ शकतो. जुन्या पासबुकांवर, धनादेश पुस्तिकांवर, ग्राहकांच्या ब्राउझरमध्ये तेच नाव आहे. त्या नावावरच्या ई-मेल पत्त्यांवर ग्राहक अजून कागदपत्रे पाठवत असतील, ती नव्या मालकाच्या हाती पडतील. विलीन झालेल्या बँकांबाबत आणि २०२२ मध्ये परवाना रद्द झालेल्या रुपी बँकेसारख्या संस्थांबाबत ही काळजी अधिक आहे, कारण तेथे नाव सांभाळण्याची जबाबदारी अवसायकाची, विलीन करून घेणाऱ्या बँकेची की आणखी कोणाची, हे ठेवीदाराला ठाऊक नसते. अशा नावांच्या नूतनीकरणाचा वार्षिक खर्च एका शाखेच्या चहापाण्याहून कमी असतो. तो पुढील किमान दहा वर्षे कोणी भरायचा, हे सहकार खाते आणि रिझर्व्ह बँकेने लेखी ठरवून द्यायला हवे.