पैसे किटलीवर की कागदावर?

"डॉक्टर, आता लांब नळीची किटली आणलीय. कॉफी चालेल ना?" कोलेस्टेरॉल वाढलेल्या एका रुग्णाने परवा विचारले.

बाकदार, निमुळत्या नळीतून पाणी बारीक धारेने, हवे तिथे पडते. चव सुधारते, एवढेच. तब्येतीचे काम करतो तो खालचा कागद. कॉफीच्या तेलकट अंशातले कॅफेस्टॉल रक्तातले एलडीएल वाढवते. कागदी गाळणीत त्याचा बहुतेक भाग अडकतो, स्टीलच्या जाळीतून मात्र बराच कपात उतरतो. यांनी किटलीवर भरपूर खर्च केला आणि कागद वाचवायला जाळी घेतली! माझ्या मते उलट करायला हवे होते.

चहा असो वा कॉफी, घाई नको. ६५ अंशांहून गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये सांगितले. किटलीतले पाणी नव्वदीच्या पुढे असते. कप जरा निवू द्या. बशीत ओतून पिणाऱ्यांना उगाच हसतो आपण.

आणि हो, कागदाने गाळलेली कॉफी सुरू केली म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी परस्पर बंद करू नका.