मासे मरतात पहाटे, पाण्याचा नमुना दुपारी

कृष्णाकाठच्या माणसाला हे दृश्य नवे नाही. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकली परिसरात नदीवर मृत माशांचा खच पडला, फोटो छापून आले, आंदोलने झाली आणि प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. असे काही घडले की क्रम ठरलेला असतो. पहाटे मासे तडफडतात, सकाळी बघ्यांची गर्दी होते, दुपारी अधिकारी येऊन पाण्याच्या बाटल्या भरतात. मग ‘अहवाल आल्यावर कारवाई’ एवढे वाक्य उरते. या क्रमातच एक शास्त्रीय चूक आहे आणि तिचा फायदा दरवेळी प्रदूषण करणाऱ्याला मिळतो.

मासे मेले म्हणजे पाण्यात विष कालवले गेले, असा सर्वसाधारण समज आहे. तसेही होते, पण बहुतेक वेळा मासे गुदमरून मरतात. तीस अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. माशांना चार-पाच मिलिग्रॅम तरी लागतो. दोनच्या खाली गेला की बहुतेकांचा निभाव लागत नाही. हा प्राणवायू संपवतात ते डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. साखर, मळी, मैला, कुजका पाला हे त्यांचे अन्न. ते जितके अधिक, तितकी त्यांची संख्या वाढते आणि तितका प्राणवायू ते ओढतात. या भुकेचे माप म्हणजे बीओडी, अर्थात जैविक प्राणवायूची मागणी. अंघोळीयोग्य नदीत ती लिटरला तीन मिलिग्रॅमच्या आत असावी असा निकष आहे. घरगुती सांडपाण्यात ती दोनशे-तीनशे असते. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या स्पेंटवॉशमध्ये मात्र ती चाळीस हजारांच्या पुढे जाऊ शकते. साधा हिशेब केला तर एक लिटर स्पेंटवॉश नदीच्या पाच हजार लिटरांहून अधिक पाण्यातला प्राणवायू फस्त करू शकतो. म्हणूनच डिस्टिलरींना सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर सोडण्यास मनाई आहे.

प्राणवायू संपला की त्याच्याशिवाय जगणाऱ्या दुसऱ्या जिवाणूंचे राज्य सुरू होते. पाणी काळे पडते, अंडी सडल्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि हा वायू माशांना खरोखरच विषारी असतो. अर्धमेल्या माशांवर एरोमोनाससारखे जिवाणू तुटून पडतात. ते पाण्यात नेहमीच असतात, पण धडधाकट माशापुढे त्यांचे फारसे चालत नाही. अंगावर व्रण असलेला मासा प्रयोगशाळेत गेला आणि ‘जिवाणूंचा संसर्ग’ असा शेरा आला, तर तो खोटा नसतो. पण ते मूळ कारणही नसते. अशा शेऱ्याच्या आड कुणाला लपता येऊ नये.

आता वेळेचा मुद्दा. दिवसा उन्हात शेवाळ प्राणवायू तयार करते. रात्री तेच शेवाळ इतर जिवांसारखा तो वापरते. त्यामुळे नदीत प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे. ज्याला चोरून पाणी सोडायचे आहे तोही रात्रच निवडतो. दुपारी बारा वाजता भरलेल्या बाटलीत प्राणवायू बराच सावरलेला दिसू शकतो. शिवाय बाटलीत जागेवरच रसायन घालून प्राणवायू ‘बांधून’ ठेवला नाही, तर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत आतले जिवाणू आपले काम करतच राहतात आणि आकडा उलट्या बाजूने चुकतो. बीओडीची चाचणी भारतात २७ अंशांवर तीन दिवस चालते. पाणी वाहते असेल तर तोवर ते नृसिंहवाडीच्या पुढे निघून गेलेले असते.

उपाय महागडे नाहीत. साखर कारखाने आणि डिस्टिलरींच्या सांडपाण्यावर ऑनलाइन मापक बसवण्याचे आदेश आहेतच, पण ते मापक अधिकृत पाइपावर बसतात. आडवाटेच्या ओढ्यातून आलेले पाणी त्यांना दिसत नाही. मापन नदीतच हवे, तेही बंधाऱ्यांच्या फुगवट्यात, कारण उन्हाळ्यात कृष्णा नदी कमी आणि तलावांची माळ जास्त असते. साचलेल्या पाण्यात हवेतला प्राणवायू सावकाश मिसळतो. कराडजवळ खोडशी, पुढे बहे, डिग्रज, सांगली, म्हैसाळ अशा प्रत्येक बंधाऱ्यावर चोवीस तास प्राणवायू मोजून तो आकडा धरणसाठ्यासारखा रोज जाहीर करायला हरकत कोणाची असावी? ज्याची असेल, त्याचे नाव तरी कळेल.

अर्थात बोट फक्त कारखान्यांकडे दाखवणे सोयीचे आहे. सांगलीचा शेरीनाला कित्येक दशके नदीत मिसळतो आहे आणि निवडणुकांमागून निवडणुका त्यावर लढवल्या गेल्या. वाई, सातारा, कराड ही वरची गावेही यातून सुटत नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे नोंदवले. त्यांतले ५३ महाराष्ट्रातले, देशात सर्वाधिक, आणि कृष्णा त्या यादीत आहे. जिवाणूंना मळी आणि मैला यांत फरक कळत नाही. उसाच्या फडातून वाहून येणारे खतही शेवाळाला पोसते. हेच गणित मोठ्या प्रमाणावर समुद्रातही चालते: अमेरिकेत मिसिसिपी नदी शेतांतले खत आणून ओतते, त्यामुळे मेक्सिकोच्या आखातात दर उन्हाळ्यात प्राणवायूविना एक भलामोठा मृत पट्टा तयार होतो.

माशांपुरताच हा प्रश्न असता तरी तो गंभीर होता. पण सांगली-मिरजेच्या नळांना याच नदीचे पाणी येते. सेंद्रिय घाण आणि अमोनिया वाढला की पाणी शुद्ध करण्यासाठी टाकलेले क्लोरीन त्यातच खर्ची पडते आणि नळापर्यंत पुरेसे उरत नाही. फुकट मिळाले म्हणून तरंगणारे मासे टोपलीत भरून नेणाऱ्यांनाही वेळीच रोखले पाहिजे. उकळल्याने जिवाणू मरतात, कीटकनाशके किंवा जड धातू असतील तर ते तसेच राहतात.

घटना घडल्यावर एक साधी खूणही तपासावी. मरळ आणि मागूर हे मासे पाण्यावर येऊन थेट हवा घेऊ शकतात. इतर मासे मेले आणि हे तगले, तर प्राणवायू संपल्याचा संशय बळावतो. हेही मेले, तर विषाचा शोध घ्यायला हवा. ही खूण कोणत्याही यंत्राआधी दिसते ती पहाटे जाळे काढायला गेलेल्या भोयाला. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले की त्याला कळते. त्याच्या फोनची वेळेसह नोंद होईल असा क्रमांक दोन्ही जिल्ह्यांत असावा, प्राणवायू मोजण्याचा हातातला मीटर त्या त्या बंधाऱ्यावरच्या कर्मचाऱ्याकडे असावा, आणि नमुन्याची पहिली बाटली उजाडण्याआधी त्या भोयाच्या नावेतूनच भरली जावी.