रक्ताचा अभिमान आणि मातीचा हक्क

२०१७ सालच्या जून महिन्यात लिओ वराडकर हे आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा मालवण तालुक्यातील वराड या त्यांच्या वडिलांच्या गावापासून थेट आमच्या वाशिमपर्यंत ‘आपला माणूस’ म्हणून सर्वांस धन्यता वाटली. त्या आनंदाविषयी आमची तक्रार नाही. त्यामागील विसंगतीविषयी आहे.

वराडकरांचे वडील मराठी डॉक्टर, आई आयरिश परिचारिका, जन्म १९७९ सालचा, डब्लिनचा. ‘आपला’ हा हक्क आम्ही सांगतो तो केवळ पित्याच्या रक्तावरून. परंतु आयरिश लोकांनीही हेच गणित मांडले असते, तर वराडकर त्यांस परकेच ठरले असते. म्हणजे त्यांनी आमच्यासारखा विचार केला नाही, म्हणूनच आम्हांस अभिमानाचा प्रसंग लाभला!

आमचा विचार कसा, तेही पाहावे. १९८३ पासून भारताची नागरिक असलेल्या एका स्त्रीस परदेशी जन्मामुळे पंतप्रधानपद मिळू नये, या वादातून १९९९ साली याच महाराष्ट्रात एक नवा पक्ष निघाला. संविधानात तर अशी अट कोठेच नाही. यावर कोणी म्हणेल की, ‘वराडकर त्याच भूमीत जन्मले, दोन्ही गोष्टी भिन्न आहेत.’ ठीक आहे. म्हणजे जन्मभूमी हे प्रमाण आपण मान्य केले. मग तेच प्रमाण आपल्या घरी का सोडले? १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने, थोडे अपवाद वगळता, येथे जन्मलेले प्रत्येक मूल नागरिक होते. १ जुलै १९८७ पासून आईबापांपैकी एकजण नागरिक असण्याची अट आली; ३ डिसेंबर २००४ पासून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा, हीही अट जडली.

आयर्लंडही निर्दोष नव्हे. त्याच २००४ सालच्या जूनमध्ये तेथील मतदारांनी शेकडा सुमारे ७९ मतांनी जन्माचा निरपवाद हक्क काढून घेतला. तथापि जन्मापूर्वीच्या चार वर्षांपैकी तीन वर्षे कायदेशीरपणे राहिलेल्या परकीयाच्या मुलास तेथे आजही जन्मतःच नागरिकत्व मिळते. आमच्या कायद्यात तेवढीही फट नाही.

‘हा प्रश्न परक्यांचा, आपल्यास काय त्याचे?’ असे म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या पोहरादेवीस यावे. तेथे माथा टेकणाऱ्या बंजारा बांधवांचे पूर्वज मीठ आणि धान्य बैलांवर लादून देशभर हिंडत. ज्यांच्या पिढ्या वाटेवर जन्मल्या, त्यांनी वाडवडिलांचे दाखले कोठून आणावेत? ऊसतोडीच्या फडावर जन्मलेल्या मुलास आता आपण येथे जन्मलो एवढे सांगून भागत नाही. आईबापांचे नागरिकत्वही सिद्ध करावे लागते. मातीची साक्ष अवघा गाव देतो. रक्ताची साक्ष मात्र कागदावाचून कोणी ऐकत नाही, आणि कागद गरिबाच्या घरीच सर्वांत कमी असतो.

वराडकरांचा अभिमान अवश्य बाळगावा. मात्र दुसऱ्याच्या अंगणातील ज्या औदार्याची आपण मिठाई वाटली, त्या औदार्यास आपल्या अंगणातही जागा द्यावी. नाहीतर तो अभिमान निव्वळ आडनावाचा होय.